दस्तगीर मुकादमांचा माळ

दस्तगीर मुकादम माझ्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी आधी माझं टेबल मोजलं. खांद्यावरच्या पिशवीतून बांबूची एक काठी काढली, टेबलाच्या कडेला लावली, उचलून पुढे ठेवली, पुन्हा उचलली आणि म्हणाले, "तीन खड्ड्याचं हाय. ऐसपैस हाय." मग झेरॉक्ससाठी कागद पुढे केला.

दहिवडीत माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. दिवसभर तऱ्हेतऱ्हेची माणसं येतात. फोटो उलटा ठेवून "कोरंच का आलं?" म्हणून भांडणारी येतात, अर्ज माझ्याकडून लिहून घेऊन वर माझ्याच अक्षराला नावं ठेवणारी येतात. पण गिऱ्हाइकाने दुकानाची मापं घ्यावीत हे नवीनच होतं. मी विचारलं, "चाचा, खड्डा म्हणजे किती?"

"दीड फूट. दीड लांब, दीड रुंद, दीड खोल. सरकारी खड्डा."

पुढे कळलं, की सामाजिक वनीकरणात त्यांची सगळी नोकरी मुकादमकीत गेली होती. माळावर रांगेत खड्डे काढून घ्यायचे, मजुरांची मापं तपासायची, पावसाच्या तोंडावर रोपं बसवायची आणि उन्हाळ्यात ती जगवायची. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी काठी काही सुटली नव्हती. एसटीचं बाकडं अडीच खड्ड्यांचं, सरकारी दवाखान्यातली खाट चार खड्ड्यांची, स्वतःची बायको साडेतीन खड्ड्यांची. रजियाचाचींसमोर त्यांनी हे मला सांगितलं तेव्हा चाची चुलीपासून न हलता म्हणाल्या, "मेरेकू भी लगा डालेंगे ये एक दिन!"

अंगाने काटक, रंगाने उन्हात करपलेले, चालताना नजर कायम जमिनीकडे. खाकी शर्ट त्यांनी निवृत्तीनंतरही सोडला नाही. सरकारचा फाटला तर कापड आणून तसाच शिवून घ्यायचे. किती झाडं लावली असं कुणी विचारलं, की आकडा सांगायचे नाहीत. "जगलं तर लावलं म्हणायचं," एवढंच बोलायचे. तीन उन्हाळे काढलेलं रोप त्यांच्या लेखी झाड, त्याआधी ते नुसतं पाहुणं. आणि स्वतः लावलेल्या झाडाखाली मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नाही. रस्त्याच्या कडेला त्यांचीच चिंच असायची आणि चाचा समोरच्या पत्र्याच्या शेडखाली घाम पुसत उभे. मी एकदा कारण विचारलं तर लाजल्यासारखे हसले. म्हणाले, "लेकीच्या सासरी जाऊन बसल्यागत वाटतंय रं."

माझं नाव विलास, ते मला 'इलास' म्हणायचे. मी कधी दुरुस्त केलं नाही. पुढेपुढे दुसऱ्या कुणी नीट विलास म्हटलं तर तोच माणूस परका वाटायला लागला.

पण या माणसाची खरी मालमत्ता म्हणजे त्यांचा आवाज. एरवी बोलणं इतकं हळू, की झेरॉक्स मशीन चालू असलं तर मला ते बंद करावं लागायचं. मात्र मनात आलं की आतून कुठून तरी एक वेगळाच आवाज यायचा, मुकादमाचा. एका लग्नात जेवणावर झुंबड उडाली होती. यजमान हात जोडून विनवत होते, कुणी ऐकत नव्हतं. चाचा उठले आणि नुसतं ओरडले, "एकामागं एक! अंतर सोडा!" सगळा मांडव रांगेत उभा राहिला. नवरदेवाचा बापसुद्धा हातात ताट घेऊन, पुढच्यापासून बरोबर दीड फूट अंतर सोडून उभा होता. चाचा पुन्हा खाली बसले आणि मला हळूच म्हणाले, "सवय हाय. जात न्हाई."

आता माळाबद्दल सांगायला हवं, कारण चाचांची गोष्ट त्याच्याशिवाय होत नाही. आमच्या गावाच्या वर मोठा माळ आहे. मधून एक घळ जाते, तिने त्याचे दोन भाग झालेत. अलीकडच्या भागावर चाचांनी नोकरीच्या मधल्या वर्षांत गिरिपुष्पाची राई उठवली. माण तालुक्यातल्या उघड्याबोडक्या माळावर एवढी दाट राई म्हणजे नवलच. तिला बक्षीस मिळालं, मोठे साहेब बघायला आले, पेपरात फोटो आला. माघ-फाल्गुनात ती गुलाबी फुलांनी भरते, आणि लग्न ठरलेली जोडपी आजही तिथे येऊन एकमेकांकडे बघत उभी राहतात आणि फोटो काढून घेतात. सगळा तालुका तिला 'मुकादमांची राई' म्हणतो. घळीच्या पलीकडचा माळ मात्र तसाच मोकळा राहिला. पावसाळ्यानंतर तिथे कमरेएवढं गवत असतं आणि उन्हाळ्यात बघायला गेलं तर काहीच नसतं. निदान मला तरी काहीच दिसायचं नाही.

आमचं एक निसर्गाचं मंडळ आहे. नाव लांबलचक आहे आणि सभासद अकरा. काही पाटणचे, काही कडेगावचे, काही आम्ही माणचे. अध्यक्ष जाधव सर कडेगावचे, कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. गृहस्थ अतिशय सज्जन, फक्त कुठलीही गोष्ट मुद्द्यांत मांडल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मी सभासद झालो तो टायपिंग येतं म्हणून. चाचा झाले ते सरांनी घरी जाऊन हात धरून आणलं म्हणून. मंडळात झाडांबद्दल भाषण करणारे दहा जण होते आणि झाड लावलेला माणूस एकच होता.

विधानसभेची निवडणूक आली तेव्हा सरांच्या मनात आलं, की सगळ्या पक्षांना आपलं मागणीपत्र द्यायचं. रस्ते मागतात, समाजमंदिरं मागतात, मग आपण ओढे, जंगल, माळ का मागू नयेत? कल्पना सगळ्यांना आवडली. त्यासाठी माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत बैठक बसली, आणि मागण्या सांगायला लागल्यावर लक्षात आलं की आमच्यातच तीन पक्ष आहेत. पाटणकरांना डोंगरातले वणवे आणि जंगलातली नवी हॉटेलं थांबवायची होती. कडेगावकरांना उसाचं पाचट जाळणं बंद हवं होतं. आम्हा माणवाल्यांना ओढ्यांवरची अतिक्रमणं काढून हवी होती. प्रत्येकाला आपलीच मागणी पहिली हवी होती. अखेर सर म्हणाले, "ज्यावर सगळ्यांचं एकमत आहे ते पहिल्या क्रमांकावर घेऊ. झाडं!" सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मी टाइप केलं: 'एक. सर्व पडीक माळरानांवर वृक्षलागवड करण्यात यावी.'

"ह्ये काढा," चाचा म्हणाले.

ते इतकं हळू बोलले, की सरांना वाटलं पंख्याबद्दल बोलतायत. त्यांनी पंखा बंद केला.

"एक नंबरचं काढा, सर. माळ पडीक न्हाई. माळावर झाडं लावू नका, असं लिवा."

 मग पाटणचे एक सभासद हसायला लागले. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "चाचा, हे तुम्ही म्हणताय? मुकादमांची राई कुणाची?"

"माझीच की. म्हणूनच सांगतुय. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तुमी म्हणला असता, ह्याला झाडातलं काय कळतंय."

"पण अडचण काय आहे?"

"बोलून कळायचं न्हाई. या एक दिवस."

पुढच्या रविवारी सर आणि मी सकाळी माळावर गेलो. चाचा वाट बघत होते आणि त्यांच्याबरोबर तायाप्पा होता. तायाप्पा आमच्या गावचा मेंढपाळ. वयाने चाचांच्याच बरोबरीचा, डोक्याला लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडी. या दोघांची ओळख कशी झाली ते तायाप्पानेच सांगितलं, आणि तेही चाचांच्या समोर.

"ह्या राईतलं रोपटं लहान व्हतं तवा मुकादमानं माझी मेंढरं धरली. मेंढरं चरायची हितंच, आज्याच्या वख्तापासनं. रोपांभवती चर खणला म्हणून मेंढराला काय कळतंय? समदी नेऊन कोंडवाड्यात घातली. माझी बायकू दोन दिस रडत व्हती."

"तीन दिस," चाचा म्हणाले. "तिसऱ्या दिशी सोडली."

तायाप्पाने मान हलवली. "तीन दिस."

सरांना कुठे बघावं कळेना. या दोघांना मात्र त्याचं काही वाटत नव्हतं. तंबाखूची चंची एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात होती. निवृत्तीनंतर चाचा सवयीने राईत फेरी मारायला यायचे, तिथेच दोघं पुन्हा भेटले. पहिलं वर्षभर बोलणं नव्हतं. मग एक दिवस तायाप्पाने त्यांना काहीतरी दाखवलं. तेच आज आम्हाला दाखवायचं होतं.

तायाप्पाने तोंडाने एक आवाज काढला. मेंढरं राईत शिरली. शंभरेक मेंढरं त्या हिरव्या, गार, बक्षीस मिळालेल्या राईतून चालली होती आणि एकाचीही मान खाली नव्हती. मेंढरू मान वर करून चालताना तुम्ही पाहिलंय का? मी पाहिलं नव्हतं. लग्नाच्या वरातीतून वाट काढत निघालेल्या माणसांसारखी ती सरळ बघत चालली होती. खाली पानांचा पाचोळा होता आणि गवताची काडी नव्हती. मेंढरं राईच्या दुसऱ्या टोकाला निघाली, घळीत उतरली, पलीकडच्या माळावर चढली आणि चढल्याबरोबर सगळ्या माना एकदम खाली गेल्या.

चाचा म्हणाले, "मान वर करून जात्यात, बगा. माझ्या राईत त्यांचं काय न्हाई."

मग ते आम्हाला पलीकडच्या माळावर घेऊन गेले. सबंध नोकरीत खाली बघून चालण्याचा उपयोग तिथे दिसला. हे पवन्या, हे मारवेल, ही कुसळी, ही लागली की मेंढरांना त्रास, पण त्याआधी तिच्यासारखं गवत नाही. जिथे मला नुसतं पिवळं काहीतरी दिसत होतं तिथे ते बोटाने वेगवेगळी सात गवतं दाखवत होते. एका बोराटीच्या बुडाशी चंडोलाचं घरटं होतं. वाटीएवढं, जमिनीवरच. घळीच्या अंगाला लांडग्याची ढोली, म्हणजे पिल्लं घालायचं बीळ, होती. तायाप्पा लांडग्याला शिव्या देत होता आणि त्याच दमात यंदा पिल्लं किती झाली तेही सांगत होता. "हा हाय म्हणून मेंढपाळ जागा असतुय," तो म्हणाला.

"अलीकडं बी ह्ये समदं व्हतं, सर," चाचा म्हणाले. "म्या खड्डं काढताना गवताचं ठोंब उपटून टाकायचो. वरनं आदेश यायचा, 'पडीक जमिनीचा विकास'. म्या पडीक म्हणलं. घरटी दिसायची. दिसायची न्हाईत असं न्हाई. म्हणलं, पाखरं झाडावर जात्याल. ही पाखरं झाडावर बसतच न्हाईत, ही अक्कल मला म्हातारपणी आली. आता निदान पलीकडचा तरी सोडा."

हे सांगताना त्यांचा आवाज कापला नाही, डोळ्यांत पाणी आलं नाही. मलाच गलबलून आलं. आयुष्यभर एकच काम केलेल्या माणसाने ते काम चुकलं असं म्हणायचं, आणि ज्याचं नुकसान केलं त्याच्याच शेजारी उभं राहून म्हणायचं, हे मी दुसऱ्या कुणाला करताना पाहिलेलं नाही.

सरांना पटलं.  परतताना गाडीत मात्र ते म्हणाले, "विलास, माझी अडचण वेगळी आहे. झाडं लावू नका, असं निसर्गवाल्या मंडळाने म्हटलं तर लोक हसतील. बाकीच्या मागण्याही वाचणार नाहीत." म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. मग पुढच्या बैठकीत बराच खल होऊन मधला मार्ग निघाला. एक नंबरची मागणी तशीच ठेवायची आणि शेवटी अकरावी घालायची: 'माळरानांच्या नैसर्गिक स्वरूपाचाही योग्य तो विचार व्हावा.'

मी ती वाचून दाखवली. चाचांनी विचारलं, "योग्य तो म्हंजे कंचा?"

सरांनी मला प्रती काढायला सांगितल्या.

दोन दिवसांनी चाचा एकटेच दुकानात आले. गिऱ्हाइकं जाईपर्यंत बाकावर बसून राहिले. मग जवळ येऊन म्हणाले, "इलास, तेवढं एक नंबरचं बदलून दे की गड्या. पलीकडचा माळ सोडून, एवढंच घाल."

मी म्हणालो, "चाचा, मंडळाचा निर्णय आहे. मी नुसता टाइप करणारा."

"व्हय, व्हय. बरोबर हाय," ते म्हणाले आणि उठून गेले. तीन शब्द होते. माझ्या बोटाखाली होते. नियमाने वागल्याचं समाधान मला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पुरलं, त्यानंतर नाही.

मागणीपत्र द्यायचा कार्यक्रम मंगल कार्यालयात झाला. सरांची एवढी पुण्याई, की दोन मोठ्या पक्षांचे उमेदवार एकाच व्यासपीठावर आले. दोघांनीही मागणी क्रमांक एक मोठ्याने वाचली आणि दोघांनीही ती मान्य केली. तेवढ्यावर भागलं नाही. निवडणुकीत एकाने एक द्यायचं म्हटलं की दुसऱ्याला दीड द्यावं लागतं. पहिले म्हणाले, मुकादमांच्या राईसारखी राई आम्ही गावोगाव उभी करू. दुसरे म्हणाले, आम्ही सुरुवातच मुकादमांच्या राईपलीकडच्या माळापासून करू आणि त्या नव्या राईलाही त्यांचंच नाव देऊ. मग दोघांनी मिळून चाचांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, आणि माईक त्यांच्यापुढे आला.

चाचांनी शाल काढून नीट घडी घातली. खुर्चीवर ठेवली. म्हणाले, "ही मला नगं. राई माझी चूक हाय. माळ मारून उठवलेली हाय ती. तिचं नाव घ्यायचं आसंल तर चूक म्हणून घ्या. पलीकडच्या माळावर खड्डा काढू नका, मी हात जोडतो."

आणि त्यांनी खरोखरच हात जोडले.

 तेवढ्यात दुसऱ्या उमेदवाराने माईक ओढून घेतला. "बघा! बघा, मोठी माणसं कशी असतात! एवढं काम करून म्हणतात, माझी चूक! हा विनय आजच्या तरुणांनी शिकला पाहिजे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शाल पुन्हा चाचांच्या खांद्यावर आली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि त्यांच्यात मीही होतो. का वाजवल्या ते मला आजही धड सांगता येत नाही. शेजारचे वाजवत होते म्हणून, सभा छान झाली म्हणून. चाचा काय बोलले ते तिथे नीट कळलेली माणसं दोनच होती, सर आणि मी. सर मान खाली घालून बसले होते आणि मी टाळ्या वाजवत होतो.

निवडून आलेल्यांनी आश्वासन पाळलं. आमच्याकडे असं क्वचित घडतं, ते नेमकं तेव्हाच घडलं. अकरा मागण्यांपैकी पहिली लगेच मंजूर. पुढच्या पावसाळ्याच्या आधी खड्डे पाडायचं मशीन पलीकडच्या माळावर चढलं आणि दोन दिवसांत माळभर ओळीने खड्डे. चाचांच्या काळात याला महिना लागला असता. तायाप्पा ढोलीजवळ उभा राहून बघत होता. लांडगे पहिल्याच दिवशी निघून गेल्याचं त्याने चाचांना येऊन सांगितलं. ऐकून चाचांनी त्या दिवशी जेवण केलं नाही, असं रजियाचाचींनी मला नंतर सांगितलं.

लागवडीच्या दिवशी पहिलं रोप मुकादमांच्या हस्ते असं ठरलं होतं. त्यांना आणायला गाडी पाठवली. मला वाटलं, ते यायचे नाहीत. पण ते आले. धुतलेला खाकी शर्ट, पायात वहाणा, चेहऱ्यावर काहीच नाही. माळावर टेम्पोभर रोपं होती, करंज, जांभूळ, चिंच, उंबर. शाळेची मुलं होती, बचत गटाच्या बायका होत्या, कर्मचारी, आमचं मंडळ आणि निवडून आलेले साहेब स्वतः. साहेबांनी चाचांच्या हातात जांभळाचं रोप दिलं. फोटोवाले पुढे सरसावले.

चाचा पहिल्या खड्ड्याशी बसले. आत हात घातला, मूठभर मुरूम काढला, बोटांत चुरला. दुसऱ्या खड्ड्याशी गेले. तिसऱ्या. मग उभे राहिले, आणि ते लग्नात ऐकलेलं ओरडणं माळावर घुमलं.

"थांबा! कुणी रोप सोडू नका! हितं खाली समदा मुरूम हाय. ह्यातलं एक रोप तिसरा उन्हाळा बघायचं न्हाई. ट्रे उचला! वढ्याला चला! एकामागं एक! अंतर सोडा!"

कुणी का म्हणून विचारलं नाही. मुलांनी ट्रे उचलले. बायकांनी ट्रे डोक्यावर घेतले. कर्मचाऱ्यांना वाटलं साहेबांनी सांगितलंय, साहेबांना वाटलं कर्मचाऱ्यांना आधीच माहीत होतं. सगळी फौज माळ उतरून ओढ्याकडे निघाली आणि साहेबही पांढरे बूट चिखलात घालत मागोमाग निघाले. चाचा ओढ्याच्या काठाने भराभर पुढे जात होते आणि हाताने जागा दाखवत होते. उंबर पाण्याच्या अंगाला, करंज दरडीला, जांभूळ वळणावर. ओढा संपला तर शाळेचा रस्ता. रस्ता संपला तर स्मशान आणि कब्रस्तान, दोन्हींच्या कडा. उरलेली चिंचेची रोपं प्रत्येक बाईच्या हातात एकेक, परसात लावायला. दुपारपर्यंत टेम्पो रिकामा झाला. झाडांचा आकडा पुरा झाला, फोटो भरपूर निघाले, साहेब खूश होऊन गेले. सरकारी कागदावर काम झालं होतं, आता माळाची आठवण ठेवायचं कुणाला काही कारण उरलं नाही.

सर धापा टाकत चाचांजवळ आले. "चाचा, मुरूम तर तुमच्या राईच्या जागीही होता ना?"

"व्हता की. चार उन्हाळं डोक्यावर पाणी व्हायलं तवा जगली राई." मग ते जरा हसले. "सभंत खरं सांगितलं तर टाळ्या वाजवल्या, सर. आज मुकादमकी केली तर समदी उठली."

मला त्या हसण्यात सहभागी होता आलं नाही.

चाचा त्याच वर्षीच्या थंडीत गेले. सकाळी अंगणात बसले होते, बसल्या जागीच गेले. जुन्या राईला अधिकृतपणे त्यांचं नाव द्यायचा प्रस्ताव निघाला तेव्हा रजियाचाचींनी तो घरातूनच परत पाठवला. सरांनी मागणीपत्र नव्याने करायला घेतलं आहे. या वेळी एक नंबरला काय लिहायचं यावर खल झाला नाही, आणि मी ते ठळक अक्षरांत टाइप केलं.

माळावर त्यांना मी शेवटचं पाहिलं ते लागवडीनंतर आठवड्याभराने. लागवडीचा फोटो द्यायला घरी गेलो तर चाची म्हणाल्या, माळावर गेलेत. गेलो. चाचा पलीकडच्या माळावर एकटेच होते, हातात खोरं. मशीनने पाडलेले खड्डे एकेक करून बुजवत होते. शेजारी पडलेली माती ओढायची, आत लोटायची, वर गवताचं उपटलेलं ठोंब परत बसवायचं. एक अख्खी ओळ झाली होती. पुढे ओळीच ओळी होत्या.

मी म्हणालो, "चाचा, अहो एकटे कशाला? मंडळाची माणसं बोलावतो. एका दिवसात होईल."

"नगं. माझं मलाच करू दे." त्यांनी खोऱ्यानेच घळीकडे, राईकडे दाखवलं. "तिकडचं तर आता निघत न्हाई."

 मग जे इतके दिवस सांगायचं राहिलं होतं ते म्हणालो. "चाचा, त्या सभेत मीही टाळ्या वाजवल्या."

"बघितलं म्या," ते म्हणाले.

रागाने नाही. माया करूनही नाही. नुसतं बघितलं होतं म्हणून बघितलं म्हणाले, आणि पुढची माती ओढायला लागले. फोटो मी तसाच खिशात ठेवला. उतार उतरून रस्त्याला लागल्यावर एकदा मागे वळून पाहिलं. चाचा नुकत्याच बुजवलेल्या खड्ड्यावर उभे राहून दोन्ही पायांनी माती दाबत होते. एवढ्या लांबून रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही वाटलं असतं, म्हातारा झाड लावतोय.